ज्येष्ठमधाचं पार्सल

९ फेब्रुवारी

धाकटीस आशीर्वाद.

आज सकाळी दुकानात गेलो. गिऱ्हाईक थोडं होतं. दुपारी घरी येऊन जेवलो, कपडे धुऊन वाळत घातले. संध्याकाळी कोणी आलं नाही.

फोन का करत नाही असं तू विचारलं आहेस. कानाचं यंत्र लावलं की फोनमध्ये शिट्टी वाजते, आणि काढलं की तुझं बोलणं लांबून कोणी हाका मारल्यासारखं येतं. मी नुसतं हो हो म्हणतो आणि नंतर कशाला हो म्हणालो ते मला ठाऊक नसतं. त्यापेक्षा पत्र बरं. तुम्ही दोघी बहिणी जन्मभर एकमेकींना पत्रं लिहीत आलात. आता तुझ्या ताईच्या जागी मी लिहितो आहे असं समज. तिच्यासारखं लिहिता येणार नाही.

पार्सल पोचलं. सिगारेट तुझी ताई गेली त्या दिवसापासून बंद आहे. ती मागे लागायची तेव्हा सुटली नाही, आता आपोआप सुटली. पण तोंडाला चाळा लागतो, त्याला तुझ्या ज्येष्ठमधाच्या काड्या चांगल्या आहेत. दिवसभर चघळतो. दुकानाचा मालक म्हणतो, "काका, तुम्ही खारूताईसारखे कुरतडत असता, एक दिवस ब्रशाची दांडी खाल."

कारखान्यात जे काम करत होतो तेच इथे करतो. रंग मिसळायला यंत्र आहे, पण जुन्या भिंतीचा पोपडा घेऊन कोणी आलं आणि तसाच रंग हवा म्हणालं की यंत्र अडतं. मग मालक मला हाक मारतो. बहुतेक वेळा पांढराच हवा असतो. लोकांना वाटतं पांढरा एकच असतो.

हृदयाची गोळी रोज सकाळी घेतो. ताई बशीत काढून द्यायची, आता मीच काढतो. चुकत नाही.

तुझे भाऊजी


१७ फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि पाकिटावर तुमच्या घराचा पत्ता बघून क्षणभर ताईचंच पत्र वाटलं. मग अक्षर पाहिलं. ताईचं अक्षर पळायचं, तुमचं कवायत करतं.

तिच्यासारखं लिहिता येणार नाही कसं? खारूताईचा विनोद मी गाण्याच्या वर्गात सांगितला. माझ्या विद्यार्थिनी म्हणजे सगळ्या पन्नाशीपुढच्या, हसताना कुणाची कवळी सैल झाली ते सांगत नाही. मी त्यांना म्हटलं, बघा, बायकोसाठी सिगारेट सोडणारा माणूस. एकजण म्हणाली, "आमच्या ह्यांनी ज्येष्ठमध चघळायला घेतला तर सिगारेटही ओढतील आणि ज्येष्ठमधही खातील."

माझा आवाज ह्या मुळीनेच टिकवला आहे. माझ्या गाण्याच्या बाईंनी मला शिकवलं, मी चाळीस वर्षं मुलींना शिकवलं, गाण्याआधी काडी आणि गाण्यानंतर काडी. तुम्ही लाजू नका. दर महिन्याला पाठवत जाईन. ताई नाही म्हणून तुमचं कुणी बघत नाही असं व्हायला नको.

जेवता ना नीट?

तुमची धाकटी


१२ मार्च

धाकटीस आशीर्वाद.

काल डॉक्टरकडे गेलो होतो. आज दुकानात उशिरा गेलो. पाऊस नव्हता, ऊनही फारसं नव्हतं.

पायांवर सूज येते आहे. मोज्याची खूण संध्याकाळपर्यंत राहते. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तोही वाढला आहे म्हणाले. सूज उतरायला लघवी जास्त करवणारी गोळी दिली आहे. ती सकाळी घेतली की दुकानात दर थोड्या वेळाने मागच्या बाजूला जावं लागतं. मालक हसतो.

जेवतो, पण जेवण जात नाही. ताट समोर असतं आणि हात पुढे होत नाही. दुपारी मळमळतं. डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, बाकी ठीक? मी म्हटलं, ठीक. घरात माणूस गेल्यावर जेवण कमी होतं, त्यात सांगण्यासारखं काय आहे.

पडदे धुवायला काढले होते. धुऊनही पिवळट राहिले. साबण बदलून पाहतो.

तुझे भाऊजी


१९ मार्च

भाऊजी, नमस्कार.

मळमळ म्हणजे पित्त. उपाशीपोटी चहा ढोसता हे मला माहीत नाही का? ताई सांगायची. यावेळी काड्यांबरोबर ज्येष्ठमधाची पूडही पाठवते आहे. सकाळी आणि रात्री पाण्यात उकळून, गाळून प्या. पोटाला थंडावा मिळतो. माझी एक विद्यार्थिनी ह्याच्यावर उभी राहिली.

आणि ताटासमोर एकटे बसू नका. रेडिओ लावा. यंत्राची शिट्टी वाजली तर तिलाच संगीत समजा.

पडद्यांचं राहू दे हो. पुरुषांनी धुतलेले पडदे पिवळेच राहतात.

तुमची धाकटी


१६ एप्रिल

धाकटीस आशीर्वाद.

आज दुकानात गेलो नाही. घरीच होतो. दुपारी झोपलो आणि उठलो तेव्हा संध्याकाळ झाली होती.

पूड नेमाने घेतो आहे. मळमळ थांबली नाही, पण ती तुझ्या पुडीची चूक नाही. सूज उतरेना म्हणून डॉक्टरांनी ती गोळी दुप्पट केली. पायांत बळ नाही. जिना चढताना मध्ये थांबतो.

दुकानात न जाण्याचं कारण सांगतो. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरने दवाखान्याची अर्धी भिंत नव्याने बांधली. जुन्या अर्ध्या भिंतीशी जुळणारा पांढरा मी काढून दिला. रंग लावून झाला आणि डॉक्टर दुकानात आला. म्हणाला, "पेशंट खुर्चीत आडवा झाला की समोरच्या भिंतीकडे बघतो आणि विचारतो, इथे दोन घरं होती का?" मालकाने मला बरोबर नेलं. मी भिंतीसमोर उभा राहिलो. मला सांधा दिसला नाही. दोन्ही बाजू मला सारख्याच पिवळ्या दिसत होत्या. मालकाने बोट ठेवून दाखवलं तरी दिसला नाही.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काका, थोडे दिवस विश्रांती घ्या." चांगला माणूस आहे. रंग त्याने यंत्रावर काढून घेतला.

पडदे पिवळे नव्हते. सगळंच पिवळं दिसतं आहे. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडी दिसतात. डोळे शेवटपर्यंत राहतील असं वाटलं होतं. मला दुसरं काही येत नाही.

तुझ्या ताईची निळी शाल तुला पाठवून द्यावी म्हणतो. इतर वस्तूंपैकी तुला काय हवं ते लिही, म्हणजे राहून जायला नको.

तुझे भाऊजी


२४ एप्रिल

भाऊजी,

शाल पाठवायची काही गरज नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. "राहून जायला नको" म्हणजे काय? कुठे निघालात?

हा मोतीबिंदू आहे. आमच्या शेजाऱ्यांना असाच झाला होता, त्यांना सून पिवळी दिसायची, काढल्यावर ती गोरी निघाली. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ह्याच आठवड्यात. नाही गेलात तर मी येईन, आणि मी आले की महिनाभर हलत नाही, पहाटे तंबोरा घेऊन बसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ताईच्या टायफॉइडच्या वेळी तुम्ही ह्याच कारणासाठी रात्रपाळी मागून घेतली होती. मला कळत नव्हतं असं समजू नका.

काड्यांचं नवीन पार्सल पाठवलं आहे. पुडीचा काढा तीनदा घ्या.

डॉक्टरकडे जाऊन आल्याशिवाय पत्र लिहू नका.

धाकटी


१५ मे

धाकटीस आशीर्वाद.

आज घरी आलो. रुग्णालयात होतो. शेजाऱ्यांनी खोली उघडून झाडून ठेवली होती. आंघोळ केली, जेवलो, मग हे पत्र लिहायला बसलो. तुझी मधली दोन पत्रं दाराखाली होती. काळजीत ठेवलं, वाईट वाटलं. आता काळजीचं कारण नाही.

तू सांगितलंस म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी दिवा टाकून पाहिलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू आहे, पण अजून कोवळा आहे. हे पिवळं दिसणं त्याचं नव्हे." मग विचारलं, जेवण जातं का? डोळ्यांच्या डॉक्टरने जेवणाचं विचारावं याचं मला नवल वाटलं. मग विचारलं, हृदयासाठी कुठली गोळी घेता? मी खिशातून पाकीट काढून दाखवलं. त्यांनी माझी नाडी धरली आणि धरूनच ठेवली. मग स्वतः फोन केला आणि मला तिथूनच रुग्णालयात पाठवलं.

हृदयाची गोळी अंगात साठली होती. ती रोजच्यापेक्षा जास्त घेतली नव्हती, तरी तिचा परिणाम जास्त होत होता. त्यानेच जेवण जात नव्हतं, त्यानेच पिवळं दिसत होतं. नाडी फार मंद झाली होती. रक्तातलं पोटॅशियम खाली गेलं होतं, ते सलाइनमधून दिलं. गोळी बंद केली.

एका सकाळी उठलो तर अंगावरची चादर पांढरी होती. नर्सला विचारलं, "चादर बदलली का?" ती म्हणाली, "कालचीच आहे, आजोबा. आज कपड्याची गाडी उशिरा येणार आहे, ओरडू नका." मी ओरडत नव्हतो. तिच्या टोपीचा पांढरा, भिंतीचा आणि चादरीचा, तिन्ही वेगळे होते. मी बराच वेळ बघत राहिलो.

या वयात असं होतं म्हणाले. ज्येष्ठमध सध्या पाठवू नकोस. डबा भरलेला आहे.

तुझे भाऊजी


२३ मे

भाऊजी, नमस्कार.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले, मग मुलींना म्हटलं, आज गाणं नाही, आज सुट्टी. कुणी कारण विचारलं नाही, चपला घालून पळाल्या.

मला वाटलं होतं ताईपाठोपाठ तुम्हीही. आता लिहायला हरकत नाही. मी तुमच्या शेजाऱ्यांचा फोननंबर शोधत होते आणि सापडला तर काय ऐकावं लागेल म्हणून शोधतही नव्हते.

त्या डोळेवाल्या डॉक्टरांचं भलं होवो. पण डबा भरलेला कसा? म्हणजे तुम्ही चघळत नाही. आता तर अशक्तपणाला हवाच. मोठं पार्सल बांधून ठेवलं आहे, सोमवारी टाकते.

माझं विचाराल तर रक्तदाब हट्टाला पेटला आहे. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग जोडीला दुसरी दिली, तरी खाली यायचं नाव नाही. बोटातली अंगठी साबण लावूनही निघत नाही. मांड्यांत गोळे येतात. परवा वर्गात तान घ्यायला गेले आणि मध्येच दम संपला, तर मुलींना वाटलं मी मुद्दाम थांबले, सगळ्यांनी माना डोलावल्या. वय झालं, दुसरं काय. गळा तेवढा ज्येष्ठमधाने धरून ठेवला आहे.

तुमची धाकटी


२७ मे

धाकटीस आशीर्वाद.

पत्र आत्ता मिळालं. लगेच लिहितो आहे. तुझ्या तोंडात काडी असेल तर आधी काढ.

मघाशी तुला फोन केला. मी सांगितलं ते तुला कळलं का ते समजलं नाही. तू काहीतरी मोठ्याने म्हणालीस, मला ऐकू आलं नाही. म्हणून लिहून कुरियरने पाठवतो.

मी तुला अर्धं लिहिलं होतं. उरलेलं असं. रुग्णालयात भरती करताना डॉक्टरीण बाईंनी विचारलं, कोणकोणती औषधं घेता? मी दोन्ही गोळ्या सांगितल्या. आणखी काही? मी म्हटलं, नाही. दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हटलं. पोटॅशियम इतकं खाली का गेलं हे त्यांना कळेना. लघवीच्या गोळीने जातं, पण इतकं नाही. मग एकदा त्या फेरीवर आल्या तेव्हा मी काडी चघळत बसलो होतो. म्हणाल्या, "आजोबा, हे काय?" मला वाटलं त्यांना हवी आहे. मी खिशातली डबी पुढे केली.

त्या म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणालात, आणखी काही घेत नाही."

मी म्हटलं, "हे औषध नाही. हे मेहुणीने पाठवलं आहे."

त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. किती चघळता, कधीपासून, काढा किती वेळा, सगळं विचारलं. मग सांगितलं. ज्येष्ठमध रोज आणि पुष्कळ पोटात गेला की अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवतो आणि पोटॅशियम बाहेर घालवतो. सूज त्याची. वाढलेला रक्तदाब त्याचा. सूज उतरवायला डॉक्टरांनी जी गोळी दिली तिने पोटॅशियम आणखी गेलं. आणि पोटॅशियम कमी झालं की हृदयाची तीच गोळी विषासारखी होते. तू सांगितलेला काढा मळमळीवर घेत होतो, आणि मळमळ त्यानेच वाढत होती.

हे तुला लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुला त्रास होऊन काही उपयोग नव्हता. पण तुझा रक्तदाब, अंगठी, मांड्यांतले गोळे, हे सगळं मला त्या बाईंनी सांगितल्यासारखंच आहे. तू माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं घेते आहेस.

आजपासून घेऊ नकोस. तुझ्या डॉक्टरांकडे जा. रक्त तपासायला सांग. ज्येष्ठमधाचं नाव घेऊन सांग. त्यांनी औषधं विचारली तर हे औषध नाही असं म्हणू नकोस. आपल्या मनाने गोळ्या मात्र बंद करू नकोस, ते त्यांना ठरवू दे.

उत्तर लगेच पाठव. एक ओळ चालेल.

तुझे भाऊजी


१४ जून

भाऊजी,

एक ओळ चालेल म्हणालात म्हणून "पत्र मिळालं, गेले" एवढंच कार्ड टाकलं होतं. ते रागाने टाकलं होतं. आता सविस्तर.

फोनवर मी काय म्हणाले ते ऐकू आलं नाही हे फार बरं झालं. मी म्हणाले, "काहीतरीच बरळू नका, त्या पोरगेल्या डॉक्टरणीला काय कळतं, मुळीने कधी कुणी आजारी पडतं का?" आणि फोन आपटला. मग कुरियर आलं. वाचताना तोंडात काडी होतीच. थुंकली.

आधी त्या डॉक्टरीणबाईंचा राग आला, मग माझ्या बाईंचा, त्या जाऊन तीस वर्षं झाली तरी. मग तुमचा. तुम्ही मला खोटं लिहिलंत. डबा भरलेला आहे म्हणे! मी काय काचेची आहे? हा राग अजून आहे, तो नीट जपून ठेवणार आहे.

डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, घरात जे जे पोटात जातं, अंगाला लागतं, ते सगळं घेऊन या. मी पिशवी भरून नेली आणि टेबलावर ओतली. रक्तदाबाच्या गोळ्या, झोपेची अर्धी उरलेली पट्टी, गुडघ्याचं मलम, ताईने कधीतरी दिलेली खोकल्याची बाटली, विद्यार्थिनीने दिलेलं टॉनिक, आणि ज्येष्ठमधाचा डबा. डॉक्टर म्हणाले, "बाई, मला इथून उठवून दुकान थाटायचं आहे का?" अर्ध्याहून जास्त वस्तू त्यांनी ठेवून घेतल्या. टॉनिक आणि झोपेच्या गोळ्यांना तर हातही लावू दिला नाही.

रक्तात पोटॅशियम कमी निघालं. तुमच्याइतकं नाही. काडी बंद केली, त्यांनी सांगितलं तसं दर दोन दिवसांनी रक्तदाब मोजून घेतला. उतरत गेला. दुसरी गोळी काढून टाकली आहे, पहिलीही कमी करू म्हणतात. काल भांडी घासताना अंगठी आपली आपण निघाली आणि मोरीकडे चालली. मी अशी झडप घातली की जाळीवर कोपर आपटलं. कोपर सुजलं आहे, पण ती सूज हक्काची आहे.

वर्गात जाऊन सगळ्यांना सांगितलं. चार जणी माझ्यामुळे रोज चघळत होत्या, त्यातल्या दोघी रक्तदाबाच्या. त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. आता आम्ही गाण्याआधी कोमट पाणी पितो. आवाज होता तसाच आहे. म्हणजे इतकी वर्षं त्या मुळीचं काही चालत नव्हतंच बहुधा. हे लिहिताना मला कसं वाटतं ते तुम्हाला नाही कळणार.

एकच विचारते आणि खरं उत्तर हवं आहे, दुसऱ्यांदा खोटं चालणार नाही. ताई गेल्यावर तुमच्याकडे मी बघते आहे असं मला वाटत होतं. दर महिन्याला पार्सल बांधताना बरं वाटायचं. भाऊजी, मी तुम्हाला मारलंच असतं ना?

धाकटी


२२ जून

धाकटीस आशीर्वाद.

आज दुकानात गेलो होतो. मालकाने माझी खुर्ची होती तिथेच ठेवली होती. दुपारी एका बाईंनी जुन्या कपाटाच्या दाराचा तुकडा आणला. रंग दुसऱ्या खेपेला जुळला. घरी येऊन जेवलो.

तुझा रक्तदाब उतरला हे वाचून पत्र खाली ठेवलं आणि चहा ठेवला. इतक्या दिवसांत नीट झोप लागली नव्हती. काल लागली.

खरं विचारलंस. डॉक्टरीण बाईंना मीही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आणखी थोडे दिवस गेले असते तर हृदय थांबलं असतं. हे खरं आहे.

दुसरंही खरं आहे ते सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी गेलो नसतो. मला जायचं नव्हतं. मला वाटत होतं, ती गेली, जेवण गेलं, डोळे चालले, आता हळूहळू सगळं असंच विझत जाईल आणि मला त्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. ते मला दुःखच वाटत होतं, आजार वाटला नाही. तू तंबोरा घेऊन येण्याची धमकी दिलीस म्हणून उठलो. तुझ्या मुळीने आजारी पडलो आणि तुझ्या पत्राने उठलो. माझ्या बाजूने हिशेब मिटला आहे. तुझ्या बाजूनेही मिटव.

ती गेल्याचं दुःख आहेच. पण आता भूक लागते, आणि दुःख आहे म्हणून भूक लागायची थांबत नाही, हे मला नवीन आहे. यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही. यावर फोन करू नकोस.

हृदयासाठी आता वेगळी, कमी मात्रेची गोळी आहे. दर महिन्याला रक्त तपासतात. तपासायला जाताना घरातलं सगळं पिशवीत घालून नेतो, दातांची पेस्टसुद्धा. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "पेस्ट राहू द्या, आजोबा." मी म्हटलं, "तुम्ही विचारायच्या आधी दाखवलेली बरी."

दातांच्या डॉक्टरची भिंत मी पुन्हा करून दिली. त्याने मला त्या खुर्चीत आडवं करून समोर बघायला लावलं. सांधा कुठे आहे ते मला ठाऊक होतं, तरी सापडायला वेळ लागला. त्याला सापडलाच नाही. मग म्हणाला, आलाच आहात तर तोंड उघडा. मी उठून आलो.

पावसाळा संपला की तू ये. तंबोऱ्यासह चालेल. यंत्र काढून ठेवीन.

तुझे भाऊजी

ता. क. सदऱ्याचं वरचं बटण तुटलं आहे. ताईचा सुईदोऱ्याचा डबा वरच्या फळीवर होता, तो काढला आहे. दोरा पहिल्यांदा ओवला गेला नाही, पुन्हा टोक ओलं केलं तेव्हा गेला. आता बटण लावतो, मग पत्र टाकून येतो.